साडेतीनला घरी कोण?

"घरून काम झकास चाललंय माझं," क्लेम म्हणाला आणि पुन्हा नकाशावर वाकला. "वरच्या लोकांना सांगा तसं."

मेरिन जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. मधे ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या गल्ल्यांचे नकाशे पसरलेले. जमिनीखालून जाणारे पाण्याचे नळ क्लेम निळ्या पेन्सिलीनं दाखवत होता. रेघ सरळ, हात स्थिर.

ती दर सोमवारी यायची, झालेले नकाशे घेऊन जायची आणि जाता जाता हाच विषय काढायची. आज मात्र होकार घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून आली होती. त्याच्यासाठी राखलेली जागा शुक्रवारनंतर दुसऱ्याला जाणार होती.

"कामाबद्दल कोण काय म्हणतंय? पण एकटं किती दिवस बसणार, क्लेम? दिवसभर बोलायला माणूस नाही. आणि ते पातेलं बघा."

ओट्यावरचं पातेलं जळून कोळसा झालं होतं.

"कामात मान खाली घातली की होतं असं. ऑफिसात पातेली जळत नाहीत वाटतं?"

"ऑफिसात तुमच्या हातात पातेलं देणारच नाहीत."

क्लेम खुदकन हसला. "हे बाकी खरं. चहा कसला देतात हल्ली? अजून तोच, मोज्यातून गाळल्यासारखा?"

"छे! दहा वाजता ताजा चहा, बरोबर लोणी लावलेले गरम स्कोन. जेवणही तिथंच. बुधवारी भाजलेलं मटण."

"सरकार बदललं की काय?"

"आणि तुमची जागा खिडकीशी. बाहेर जॅकरांडाचं झाड आहे."

"खिडकीशी? मला?" त्यानं डोळे बारीक केले. "काहीतरी काळंबेरं आहे, बॉस. आमच्यासारख्यांना कायम संडासाशेजारचं टेबल मिळतं."

"तुम्ही परत याल त्या दिवशी सगळे खायचं काही ना काही घेऊन येणार आहेत. तुम्हीही एक बशी आणायची."

"ते सांगायला नको मला. तो इंग्लंडहून आलेला पोरगा आठवतोय? बशी घेऊन ये म्हटलं, म्हणजे काहीतरी खायचं, तर बिचारा खरंच रिकामी बशी घेऊन उभा! वर म्हणतो, अजून लागत असतील तर घरी आहेत."

मेरिन हसली. तिनं ही गोष्ट पूर्वीही ऐकली होती, पण पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसली.

हसू ओसरलं. क्लेमनं पेन्सिल खाली ठेवली.

"पण नाही जमायचं. पॉसमचं काय करू?"

मेरिननं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"माझी एकुलती एक पोरगी हो, लाडानं पॉसम म्हणतो. दुसरीत आहे." त्यानं दाराजवळच्या खुंटीकडे बोट केलं. तिथं उन्हानं विटलेली, रुंद काठाची शाळेची टोपी लटकत होती. "बघा, आजही टोपी विसरून गेली. आता सुट्टीत बाई उन्हात खेळायला सोडायच्या नाहीत. बसेल शेडखाली तोंड फुगवून. अशी वेंधळी आहे."

"साडेतीनला सुटते ना शाळा?"

"साडेतीनला. तिची आई गेली ना, तेव्हापासून दारातूनच हाक मारते. 'डॅड, आहेस?' आणि मी इथूनच ओरडतो, 'आहे!' मग दप्तर फेकते, मग बूट. आधी नाही." तो नकाशाचा दुमडलेला कोपरा बोटानं सपाट करत राहिला. "एकदा मला ऑफिसातून यायला उशीर झाला. पायरीवर बसून होती, पावसात भिजलेली. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं मला."

"ती रागावली नव्हती तुमच्यावर."

"तुम्हाला काय माहीत?"

"त्या वयाच्या मुली रागावत नाहीत," ती म्हणाली. "फक्त वाट बघतात."

"तेच तर. रिकाम्या घरात कशी येऊ देऊ तिला?"

"नाही यायची ती रिकाम्या घरात. मी आणीन तिला ऑफिसात, तुमच्याकडे. रोज, शाळा सुटायच्या वेळेला."

"रोज? तुम्हाला तुमची कामं नाहीत?"

"कामं काय, होतात."

क्लेम तिच्याकडे बघत राहिला. समोरच्याची थाप ओळखावी तसा. "आणि तिनं दारातून हाक मारली तर? लाजायची नाही ती ऑफिस आहे म्हणून."

"तर तुम्ही आतून ओरडायचं, 'आहे!'" मेरिन खुंटीवरच्या टोपीकडे बघत म्हणाली. "कुणी काही म्हणणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

त्यानं मोठा श्वास घेतला. "ठीक आहे. येतो. पण पहिल्या दिवशी तुम्ही बरोबर चला. रस्ते फार बदललेत हल्ली."

तो दारापर्यंत सोडायला आला. नकाशांची गुंडाळी त्यानं तिच्या हातात दिली, पण त्याचा हात लगेच सुटला नाही.

"तुमचे वडील आहेत, बॉस?"

"आहेत."

"भेटता ना?"

"भेटते."

"मग त्यांना सांगा कधीतरी, मुलगी एवढ्या मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणून. बापाला बरं वाटतं."

"सांगते."

तो आत गेला. मेरिननं गाडीची डिकी उघडली. आधीच्या सोमवारांच्या गुंडाळ्या तिथं तशाच पडून होत्या. नवी त्यांच्यावर ठेवून तिनं डिकी लावली आणि गाडीत बसली. मग फोन काढला.

"तुमच्या वृद्धाश्रमातली ती खिडकीजवळची खोली घेतोय आम्ही," ती म्हणाली. "गुरुवारी आणते क्लेमना. ऑफिसला आलोय असंच त्यांना वाटेल. तुमच्या नर्सना तेवढं सांगून ठेवाल?"

"नक्की. बऱ्याच जणांना वाटतं तसं," पलीकडून एक समजूतदार आवाज आला. "आणि तुम्ही त्यांच्या कोण?"

मेरिननं घराच्या दाराकडे बघितलं.

"मुलगी."