खारीनं शोधलेलं माणूस

महाळुंग्यात पाडलेल्या शेडच्या ढिगाऱ्यावर मैत्री आपल्या लाडक्या कुत्रीला, खारीला, माणसं शोधायला शिकवायची. नवरा धम्मरत्न आत लपायचा. खारी त्याला हुडकून भुंकली, की तो आतूनच तिला बिस्किट भरवायचा.

त्या दुपारी धम्मरत्न आधीच लपलाय असं समजून मैत्रीनं खारीला सोडलं. खारी थेट एका फटीपाशी जाऊन भुंकली.

"शाब्बास गं माझी बाय!"

"अगं, कुणाला शोधलं तिनं?" मागून धम्मरत्न म्हणाला. "मी तर शिफ्ट संपवून आत्ताच येतोय."

मैत्रीला हसू आलं. "खारे, चल, ये इकडं."

खारी हलली नाही. फटीत तोंड खुपसून, शेपटी हलवत ती काहीतरी कुरुमकुरुम खात होती.

दोघं जवळ गेली. आतून कुणीतरी मायेनं तिचे कान खाजवत होतं.