लाल कागदी बटण

“बटण दाबल्याशिवाय पापणीही हलवायची नाही,” बाईंनी बजावलं होतं. पुस्तकात वाचलेल्या थोरांचे पुतळे होऊन अमेरिकेतल्या मेम्फिसच्या शाळेतली चौथीची मुलं उभी होती. प्रत्येकापुढच्या लाल कागदी बटणावर पाय पडला की पुतळ्यानं बोलायचं. गर्दी सगळी राष्ट्राध्यक्ष झालेल्या पोरांपुढे. शंभर वर्षांपूर्वीची वैमानिक झालेली माझी लेक मार्वा अजून मुकीच. घरच्यांना बटण दाबायला मनाई, म्हणून मी देवाला आळवत होते. “मार्वे, कोळिष्टकं झटकू का?” शेजारच्या राष्ट्राध्यक्षानं चिडवलं. इतक्यात बालवाडीतली चिमुरडी धावताना चुकून मार्वाच्या बटणावर आली. “मी काळी मुलगी, इथं कुणी उडायला शिकवेना!” मार्वा गरजली. “मग फ्रेंच शिकले, फ्रान्सला गेले, उडाले!” गर्दी वळली. “पुढं काय झालं?” चिमुरडीनं मार्वाचा कोट ओढला. “कार्यक्रम संपला की अख्खं पुस्तक वाचून दाखवते,” मार्वा कुजबुजली. नंतर सगळे केककडे धावले, मार्वा पुस्तक घेऊन गुपचूप बालवाडीकडे निघाली.