कडुलिंबाच्या अलीकडे

कृषी सहायक संघपालने मोसंबीच्या बुडाची माती मुठीत दाबली. बोटांमधून चिखल आला. झाडाखाली पांढरी फुलं पडून पिवळी होत चालली होती.

"काका, ताण दिल्यावर पहिलं पाणी कसं सोडलं?" त्याने विचारलं.

"भरून," धुळाजी म्हणाला. "फुलं यावी म्हणून दीड महिना पाणी तोडलेलं. तहानलेली झाडं. दरसाल भरूनच देतो."

"तिथंच चुकून राह्यलं. तहानलेल्या झाडाला एकदम भरून दिलं की ते फुलं टाकून देतं. आधी हलकं द्यायचं, मंग थोडं थोडं वाढवायचं. आता जमीन जरा सुकू द्या. बुडाशी पाचट अंथरा, ओल बराबर राहील. अन् फुलात असताना खांदणी बिलकुल करू नका, मुळ्या तुटतात. राहिलेली फुलं टिकतील."

बांधावर कडुलिंबाखाली धुळाजीची माय, झुंबरबाई, बसली होती. तिला हे पटलं नाही.

"पाण्यानं कुठं फुलं गळत असत्यात, साहेब? कुणाचा तरी पाय लागला असंल."

धुळाजीच्या घरात 'कुणाचा तरी' म्हणजे त्याच्या बायकोचा, आसराबाईचा. लग्नानंतर दोनदा तिचं पोट पडलं. पुढे काही राहिलंच नाही. बाग पहिल्यांदा फुलली आणि निम्मी फुलं गळाली, तेव्हा झुंबरबाईने सुनेकडे बघितलं. जिच्या पोटात टिकत नाही तिने बहारात बागेत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. ठरवलं मायने, सांगितलं धुळाजीने. "कडुलिंबाच्या पुढं येऊ नको," एवढंच तो म्हणाला होता.

तेव्हापासून ती बहारात भाकरी घेऊन कडुलिंबापर्यंत यायची. फडकं फांदीला अडकवायची, हाक मारायची आणि तिथेच बसून राहायची. वारा बागेकडून आला की फुलांचा वास घ्यायची. तरीही फुलं गळायची. मग माय म्हणायची, हिने वास घेतला. कुठल्या साली म्हणायची, हिची सावली लांब बागेत पडली.

दसऱ्याच्या आधी आसराबाई काविळीने गेली. यंदा फांद्या फुलांनी भरल्या, तेव्हा झुंबरबाई गावात सांगत फिरली, आता बाग मोकळी झाली.

संघपाल मोटरसायकलवर बसून निघून गेला. झुंबरबाई उठून बागेत आली. पडलेली फुलं काठीने ढकलत म्हणाली, "खरं सांग. यंदा कोण शिरलं बागेत?"

"कुणीच न्हाई."

"मंग तीच असंल. मेलेली बाई कुठंबी येती."

धुळाजीने खाली वाकून फुलं उचलली. ओली होती, तळहाताला चिकटली. ती झटकली नाहीत.

"कशी येईल, माय? एक मूठ राख मोसंबीच्या बुडाला टाका म्हणून ती मरताना सांगून गेल्ती. बहार बिघडंल म्हणून म्या तीबी गोदावरीत सोडली."