कोरा जिल्हा

आरोग्य कार्यालयातल्या कारकूनबाईंचं काम साधं होतं. दाखल्यावर 'थंडीने मृत्यू' असं लिहिलेलं असलं, की नकाशात एक निळी टाचणी टोचायची. उत्तरेचे जिल्हे टाचण्यांनी गच्च भरले होते. दक्षिणेचा, बाईंच्या माहेरचा जिल्हा मात्र कोरा. तिथले दाखले त्यांचा डॉक्टर दादाच लिहायचा.

आज सकाळी त्या कोऱ्या जिल्ह्यात एक टाचणी दिसली. बाईंनी ती उपटली. चहा पिऊन आल्या, तर टाचणी पुन्हा तिथेच.

त्यांनी दादाला फोन लावला.

"आपल्याकडे कुठली गं थंडी?" दादा हसला. "इथे माणसं हृदय बंद पडून जातात. बाबा नाही का गेले, माझ्या घरी, रजईत, झोपेत?"

बाईंनी टाचणी ओढली. ती बर्फासारखी गार होती, बोटाला चिकटूनच निघाली. छिद्राभोवती कागदावर बर्फ धरू लागला. फोन हातात तसाच ठेवून त्यांनी छिद्राला कान लावला.

आत कुणीतरी दार ठोठावत होतं. मग बाबांचा कापरा आवाज आला, "अरे, गच्चीचं दार उघड रे. गारठलो मी."

फोनवरचं हसू थांबलं होतं. दादाने हळूच विचारलं, "तुलाही ऐकू येतंय?"