शेवटचं माणूस

"आजोबा, मेंढ्या रस्त्यावर आल्या!" नात मुक्ता ओरडली. इंग्लंडातल्या त्या खेडेगावात दिगंबररावांच्या मुलाचं कुटुंब दर रविवारी कुरणांमधून फिरायला जाई. आज तेही बरोबर होते. मागचं फाटक सताड उघडं राहिलं होतं.

मुलगा धावला. सून हात पसरून मेंढ्यांना आत वळवू लागली. दिगंबरराव नुसते बघत राहिले. बायकोला जाऊन दोन महिने झाले होते. मुलाने इथे आणलं, ते आले. वाढलं की जेवायचे, चला म्हटलं की चालायचे. रडू काही आलं नव्हतं.

नऊ वर्षांची मुक्ता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शेवटच्याने फाटक लावायचं, हा इथला नियम आहे. शेवटी कोण होतं?"

मागच्या दोन उन्हाळ्यांत आजी-आजोबा इथे आले होते, तेव्हा हे कुणालाच विचारावं लागलं नव्हतं.

"शेवटी तुझी आजी असते," दिगंबरराव म्हणाले. गुडघ्यांमुळे ती नेहमी मागे पडायची.

पुढच्या फाटकाशी त्यांनी सगळ्यांना आधी जाऊ दिलं. मग फाटक ओढून कडी घातली, आणि त्या गार लोखंडावरचा हात त्यांना काढवेना.