बार्तोलने उतरवलेला दगड

"थांब! घण मारू नकोस!" म्हातारा झ्वाने ओरडला.

कचेरीच्या भिंतीला भगदाड पडलं होतं. युद्ध संपलं, इटालियन साहेब गेला. आता इथे गावाची शाळा व्हायची होती आणि शाळेला रुंद दार हवं होतं. सुटलेले दगड हातोहात मागे जात होते. रांगेच्या शेवटी फूमा उभी होती, एकटीच. तिच्या शेजारी कोणी आपणहून उभं राहत नसे.

ती बार्तोल गवंड्याची मुलगी. पूर्वी चर्चच्या दारावर एक लांब दगड होता. त्यावर ग्लागोलित्सा, कड्याकड्यांची जुनी अक्षरं. सगळीकडे लॅटिन चालायचं तेव्हा इथले पाद्री या अक्षरांतून आपल्या बोलीत प्रार्थना वाचायचे. गावाला त्याचा केवढा तोरा! मग साहेबाचा हुकूम आला, दगड फोडा. कोणी हात लावेना. बार्तोलने लावला. भर दिवसा दगड उतरवून गाडीवर घालून नेला आणि दुसऱ्या दिवशी साहेबासमोर खडीचा ढीग ओतला. वर कचेरी बांधायचं कामही त्यालाच मिळालं. गावाने त्याला वाळीतच टाकलं. तो गेला तेव्हा शवपेटी उचलायला माणसं जमेनात. फूमाने बापाला कधी काही विचारलं नव्हतं. तो 'हो, फोडला' म्हणाला असता तर?

"काय झालं, बार्बा?" घणवाल्याने विचारलं. गावात वडीलधाऱ्यांना बार्बाच म्हणत.

"या दगडाच्या आतल्या बाजूला चिखल फासलाय. चुन्याच्या कामात चिखल कुठला गवंडी लावतो?"

झ्वानेने नखाने खरवडलं. वाळलेला चिखल पापुद्र्यासारखा सुटला. खाली एक कडं दिसलं, मग दुसरं. बायकांनी पाणी ओतलं. चुन्याचा कणही अक्षरांना चिकटला नव्हता. झ्वाने बोट फिरवत मोठ्याने वाचू लागला. चर्चच्या दारावरचाच दगड, अख्खा!

"मी बार्तोलच्या दारात थुंकलो होतो," तो म्हणाला. "मेल्याने एका शब्दाने सांगायचं तरी!"

"तुम्हाला?" फूमा रांग सोडून पुढे आली होती. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलंसुद्धा नाही. "संध्याकाळच्या आत पलीकडच्या गावापर्यंत बोभाटा केला असतात."

माणसं हसली. खरंच होतं ते. फूमाने दगडावर हात ठेवला. तिला बापाचा इतका अभिमान वाटला की छातीत मावेना.

"पण पोरी, लपवायला त्याला कचेरीच सापडली?"

"इथंच तर साहेबाची खुर्ची असायची, बार्बा," ती ताठ मानेने म्हणाली. "आपली बोली बंद करायचा एकेक हुकूम त्याने याच दगडाला पाठ टेकून काढलाय."