धाकटीच्या गावचं तळं

बंगळूरचं सांडपाणी शुद्ध करून कोलारकडची कोरडी तळी भरायची, असं सरकारने ठरवलं आणि पहिलं तळं भरलं ते रत्नम्माच्या सासरच्या गावचं. तिची थोरली बहीण मुनियम्मा लगतच्याच गावात दिलेली. धाकटीच्या बोअरला पाणी चढलं, टोमॅटोचे मळे लगडले, तसा थोरलीचा जळफळाट सुरू झाला.

"बंगळूरच्या गटाराचं पाणी ते," ती भेटेल त्याला सांगायची. "मी नाही तिच्या घरचं घोटभर ताकही पिणार." बहिणीच्या गावच्या जत्रेलाही ती गेली नाही.

यंदा मुनियम्माच्या विहिरीला बारा वर्षांनी पाणी आलं. तिने नारळ फोडला, मारम्मादेवीला साडी नेसवली. सरकारी माणूस विहिरीत टेप सोडून पाणी मोजायला आला, तेव्हा ती ठसक्यात म्हणाली, "लिहून घ्या साहेब, हे आमच्या देवीचं पाणी. त्या तळ्याचं नव्हे!"

"अम्मा, त्या तळ्यातूनच मुरत मुरत इथवर आलंय."

मुनियम्माचा चेहरा उतरला. "माझ्या बहिणीला नका हो सांगू."

"त्यांनीच तर मला पाठवलं. वर्षभर ऑफिसात खेटे घालतायत, अक्काच्या विहिरीला पाणी लागलं का बघा म्हणून."

मुनियम्मा विहिरीच्या काठावर मटकन बसली. डोळ्यांना पदर लावत पुटपुटली, "लहानपणापासून अशीच आहे मेली. माणसाला धड जळूसुद्धा देत नाही."